पटाचा बैल आणि ऑलिंपिकचा घोडा



आज मला आपल्याशी शर्यतीच्या जनावराविषयी चार शब्द बोलायचे आहेत. शंकरपट म्हणजे काय, हे आपल्या चंद्रपूर-गडचिरोलीच्या किंवा भंडारा-गोंदियाच्या माणसाला समजावून सांगायला नको. सुगी आटोपत येते, संक्रांत होते, मोकळ्या रानात दाण आखली जाते. दिवसा जोड्या पळतात आणि झाडीपट्टीत रात्री नाटक रंगते. पाव्हणेरावळे येतात, सोयरिकीही जुळतात. पट हा गावाचा मेळाच आहे. तेव्हा पटाचे नाव ऐकून शहरातल्या कोणी उगाच नाक मुरडू नये. पण ज्याच्या पायांवर हा सारा मेळा उभा असतो, त्या बैलाची बाजू मांडायची कोणी? तो तर मुका.

आपल्यापैकी कित्येकांचा असा समज आहे की जनावराचे हाल हा खेड्यातला अडाणीपणा. मोठ्या देशांतल्या श्रीमंत खेळांत असे काही होत नसेल. हा समज किती फोल आहे, ते ऑलिंपिकमधल्या दोन घटनांवरून दिसून येईल.

पहिली घटना २०२१ सालची, टोकियो ऑलिंपिकमधली. आधुनिक पंचक्रीडा नावाची एक स्पर्धा आहे. तीत तेव्हा पाचांपैकी एक खेळ घोडेस्वारीचा होता, आणि घोडा चिठ्ठी टाकून मिळे. त्याच्याशी ओळख करून घ्यायला वेळ किती? अवघी वीस मिनिटे! जर्मनीची आनिका श्लॉय ही खेळाडू आघाडीवर होती. तिच्या वाट्याला सेंट बॉय नावाचा घोडा आला आणि तो उडी घेईना. ती रडकुंडीला आली. चाबूक चालला, टाचा चालल्या, आणि बाहेर उभ्या असलेल्या प्रशिक्षिकेने घोड्याला मूठ मारली. साऱ्या जगाने हे पाहिले. त्या प्रशिक्षिकेला स्पर्धेतून बाद करण्यात आले. पुढे त्या खेळाच्या चालकांनी घोडेस्वारीच पंचक्रीडेतून काढून टाकायचे ठरवले. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये ती शेवटची झाली.

दुसरी घटना याच पॅरिसची. ब्रिटनची शार्लट दुजार्दिन ही ऑलिंपिकची सहा पदके मिळवलेली नामांकित घोडेस्वार. घोड्याला नाचल्यासारखे तालात चालवायचे, असा तिचा खेळ. स्पर्धेच्या तोंडावर एक जुनी चित्रफीत बाहेर आली. शिकवणीच्या वेळी जमिनीवर उभी राहून ती शिष्येच्या घोड्याच्या पायांवर लांब चाबकाने पुन्हा पुन्हा मारते आहे, असे तीत दिसत होते. तिने चूक कबूल केली, ऑलिंपिकमधून माघार घेतली, आणि आंतरराष्ट्रीय अश्वक्रीडा महासंघाने तिच्यावर एक वर्षाची बंदी घातली.

आता यातून आपण काय घ्यायचे? टोकियोचा घोडा परका होता, म्हणून तसे झाले असे कोणी म्हणेल. पण दुसऱ्या घटनेतली बाई उभा जन्म घोड्यांत वाढलेली. तिचे घोड्यांवर प्रेम नव्हते असे कोण म्हणेल? आपल्याकडचा जोडीवालाही हेच सांगतो, "सर, लेकरापरीस जास्त जपतो जी मी याले!" आणि ते खोटे नसते. पटाच्या बैलाला जी ढेप मिळते, जी मालीश मिळते, ती कित्येकदा घरच्या माणसालाही मिळत नाही. परंतु प्रेम आहे म्हणून हात उठणार नाही, असे नाही. जिंकण्याची हाव शिरली की जो हात चारा घालतो तोच तुतारी उचलतो. आणि हे बहुधा दाणीवर चारचौघांत होत नाही. सरावाच्या वेळी, कोणी पाहत नसताना होते. दुजार्दिनबाईंची गोष्ट मैदानावरची नव्हती, शिकवणीतली होती, हे ध्यानात ठेवा.

आपल्याकडे या प्रश्नाने मोठी वळणे घेतली. २०११ साली केंद्र सरकारने, ज्या प्राण्यांचे खेळ करता येत नाहीत त्यांच्या यादीत बैल घातला. ७ मे २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने जल्लिकट्टूबरोबर बैलगाडा शर्यतीही बंद केल्या. बैल हा ओढकामाचा प्राणी आहे, घोड्यासारखी धावण्याची त्याची घडण नाही, असे न्यायालयाने तेव्हा म्हटले होते. २०१७ साली महाराष्ट्राने आपला कायदा केला. तोही न्यायालयात अडकला. शेवटी १६ डिसेंबर २०२१ रोजी शर्यतींना परवानगी मिळाली आणि १८ मे २०२३ रोजी पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने राज्याचा कायदा वैध ठरवला.

म्हणजे पट परत आला. पण तो अटींवर आला आहे. प्रशासनाची पूर्वपरवानगी हवी, पशुवैद्याची तपासणी हवी, चाबूक, टोचणी, विजेचा झटका यांना मनाई. नियम मोडणाऱ्याला पाच लाखांपर्यंत दंड किंवा तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. १९६० च्या मूळ कायद्यात क्रूरतेच्या पहिल्या गुन्ह्याला दहा ते पन्नास रुपये दंड लिहिलेला आहे! या दोहोंतला फरक पाहा.

यावर दोन आक्षेप नेहमी घेतले जातात. पहिला असा की टोचल्याशिवाय बैल पळतच नाही. मी विचारतो, तसे असेल तर आपण मोजतो काय? बैलाची चाल, की त्याची वेदना? ज्याची जोडी नुसत्या हाकेवर निघते, खरा धुरकरी तोच. दुसरा आक्षेप असा की शेतातही तुतारी लागतेच, मग पटातच गुन्हा का? तर कायदा शेतालाही सूट देत नाही. शिवाय वखर-डवरा ही पोटाची गरज आहे, पट ही आपली हौस आहे. हौसेसाठी दुसऱ्याला राबवायचे तर जबाबदारी अधिकच येते.

ट्रॅक्टर आल्यापासून कोठ्यातल्या जोड्या कमी होत चालल्या. पटामुळे देशी बैल टिकेल असे म्हणणारे लोक आहेत, आणि त्यात तथ्य आहे. पण मग नियम पाळण्यात सर्वांत जास्त हित त्यांचेच आहे. बारा घरच्या बारा जणांनी नियम पाळले आणि एकाने बैलाच्या शेपटीला दात लावले, तरी नाव साऱ्या गावाचे जाते.

तेव्हा पंचमंडळींना माझी विनंती अशी की नजर दाणीपुरती ठेवू नका. जोडी आली की शेपटीचे पेर चाचपून पहा, पुठ्ठ्यावर टोचल्याच्या खुणा आहेत का ते पहा. पळून आल्यावर बैल तोंड उघडून, जीभ बाहेर काढून धापा टाकत असेल, तर त्याला पुन्हा जुंपू देऊ नका. घोडा घामाने अंग निववतो. बैलाला ते तितके साधत नाही. आणि सावलीत बांधल्यावरही बैल बराच वेळ रवंथ करीत नसेल, तर त्याचे काही तरी दुखते आहे असे समजा.

शिक्षकबंधूंना आणि भगिनींना एक सुचवतो. तान्ह्या पोळ्याला मुले लाकडी बैल सजवून आणतात. त्या दिवशी त्यांना खऱ्या बैलाचे अंग वाचायला शिकवा: श्वास कसा मोजावा, डोळा कसा पाहावा, खांदा सुजला हे कसे ओळखावे. पोळ्याच्या आदल्या दिवशी आपण बैलाचा खांदा हळद-लोण्याने शेकतो. तो का शेकतो, हे ज्या पोराला कळले, ते पोर उद्या धुरकरी झाले तरी त्याच्या हातून तुतारी सहजासहजी उठणार नाही.

पट राहावा, असे मलाही वाटते. पण तो बैलाच्या खुशीने राहावा.