जपानला निघालात? पालक सोबत घ्या



जपानी भाषेत पालकाच्या भाजीला ‘होओरेन्सोओ’ म्हणतात. तिथल्या कचेरीत नवा माणूस रुजू झाला की पहिल्या काही दिवसांतच हा शब्द त्याच्या कानावर पडतो, आणि तो भाजीबद्दल नसतो. होओकोकु, रेनराकु, सोओदान या तीन शब्दांची सुरुवातीची अक्षरं जोडून केलेली ती कोटी आहे. होओकोकु म्हणजे काय झालं ते सांगणं, रेनराकु म्हणजे कळवत राहणं आणि सोओदान म्हणजे अडलं की विचारणं. मी पुण्यात बरीच वर्षं जपानी शिकवते आहे. एक्स्चेंज विद्यार्थी म्हणून सहा महिन्यांसाठी किंवा वर्षभरासाठी तिकडे निघालेली मुलं शेवटच्या दिवशी भेटायला येतात, तेव्हा मी व्याकरणाचं काही बोलत नाही. एवढी पालकाची जुडी मात्र बांधून देते.

त्याला कारण आहे. आपल्याकडे तुम्ही चुकलात तर सांगायला चार माणसं तयार असतात. एसटीत राखीव जागेवर बसा, बँकेत चुकीच्या रांगेत उभे राहा, मागून आवाज येतोच. लाज वाटते, पण कळतं. जपानमध्ये मागून आवाज येत नाही. कुणी काही बोललं नाही, तेव्हा आपलं ठीक चाललंय, असा आपला समज होतो. तिथेच मुलं फसतात. मीही फसले होते.

मी ओकायामाला एक वर्ष होते. पुण्याशी या शहराचं मैत्रीचं नातं आहे. सिंहगड रस्त्यावरचं पु. ल. देशपांडे उद्यान तिथल्या कोराकुएन बागेच्या धर्तीवर केलेलं आहे. त्या बागेत दहा-बारा वेळा फिरून आल्यामुळे निम्मं जपान पाहून झालंय, अशा थाटात मी विमानात बसले होते. प्रवासात आईनं दिलेली लोणच्याची बरणी तडकली. तिथं पोचल्यावर मी ती काच वर्तमानपत्रात गुंडाळली, त्याच पिशवीत केळ्याची सालं आणि प्लॅस्टिकचे डबे कोंबले, घट्ट गाठ मारली आणि सकाळी कोपऱ्यावर कचरा ठेवायच्या जागी नेऊन ठेवली. तिथं पिशव्यांवर जाळी टाकलेली असते. कावळे तिथलेही हुशार आहेत. संध्याकाळी आले तर सगळ्यांच्या पिशव्या गेलेल्या, माझी एकटीची शिल्लक, आणि तिच्यावर एक चिठ्ठी डकवलेली. चिठ्ठीतली कांजी, म्हणजे जपानीतली चित्रलिपी, मला वाचता येईना. गाडी भरली असेल, उद्या नेतील, असं मी ठरवून टाकलं. तीन दिवस ती पिशवी तिथं होती. खालून लोणच्याचं तेल झिरपून सिमेंटवर डाग पडला. येणारे-जाणारे शेजारी मला हसून ‘ओहायो गोझाइमास’ म्हणत होते. चौथ्या दिवशी पिशवी दिसली नाही. मला बरं वाटलं.

दोन आठवड्यांनी माझ्या दाराच्या मुठीला एक कॅलेंडर अडकवलेलं सापडलं. जळणारा कचरा कोणत्या वारी, न जळणारा कधी, बाटल्या कधी, हे रंगीत पेन्सिलींनी खुणा करून दाखवलेलं आणि प्रत्येक कांजीच्या डोक्यावर उच्चार सांगणारा बारीक हिरागाना लिहिलेला. शेजारच्या आजींचं काम होतं ते. माझी पिशवीही त्यांनीच सोडून, काच वेगळी काढून, मार्गी लावली होती. हे मला नंतर दुसऱ्याच कुणाकडून कळलं. आजी स्वतः कधीच बोलल्या नाहीत. पहिल्याच दिवशी मी त्यांची बेल वाजवून ‘कचरा कसा टाकायचा हो?’ एवढं मोडक्यातोडक्या जपानीत विचारलं असतं, तर त्यांना आनंदच झाला असता. म्हणून सांगते, राहायला गेलात की शेजारी किंवा वसतिगृहाचे व्यवस्थापक यांच्याकडे छोटी भेटवस्तू घेऊन जा आणि हाच प्रश्न विचारा. बाकरवडीचं लहान पुडकं चालतं.

आता कागदपत्रांचं, आणि ते मी झटपट उरकते. विद्यापीठांमधल्या करारावर जाणाऱ्या विद्यार्थ्याला साधारणपणे फी इथल्याच संस्थेत भरायची असते, तिथं वेगळी नाही. राहण्या-जेवणाचा खर्च मात्र आपला, किंवा शिष्यवृत्ती मिळाली तर तिचा. तिथले कोणते विषय इथं क्रेडिटसाठी धरले जातील, हे निघण्यापूर्वी लेखी घ्या. तोंडी ‘होऊन जाईल’वर विसंबून परत आल्यावर वर्ष वाया गेलेली मुलं मी पाहिली आहेत. मोठ्या विमानतळांवर उतरतानाच निवासी कार्ड हातात मिळतं. राहायची जागा ठरली की 14 दिवसांच्या आत नगरपालिकेच्या किंवा वॉर्डाच्या कचेरीत पत्ता नोंदवायचा असतो. तीन महिन्यांपेक्षा जास्त राहणाऱ्यांना राष्ट्रीय आरोग्य विमाही घ्यावा लागतो आणि त्याची नोंद तिथंच होते. मग दवाखान्यात बिलाचे 30 टक्के आपण द्यायचे. वयाची 20 वर्षं पूर्ण झाली असतील तर पेन्शनच्या हप्त्याचं आणि त्यातल्या सवलतीचंही त्याच फेरीत विचारून घ्या.

पार्टटाइम कामाला तिकडे ‘आरुबाइतो’ म्हणतात. शब्द मूळचा जर्मन. विद्यार्थ्याला त्यासाठी वेगळी परवानगी लागते आणि सत्र चालू असताना आठवड्याला 28 तासांची मर्यादा असते. बार आणि जुगाराच्या जागी काम करता येत नाही. माझं स्पष्ट मत विचाराल तर घरखर्च भागवण्याच्या हिशेबानं एक्स्चेंजला जाऊ नये. आठवड्यात दोन संध्याकाळी दुकानात उभं राहिलं तर जपानी जिभेवर रुळतं, त्याचा फायदा मोठा आहे. रोज रात्री बारापर्यंत भांडी घासून सकाळच्या वर्गात डुलक्या काढायच्या असतील, तर इतक्या लांब जायचं कारण नव्हतं.

सामान भरताना औषधांकडे नीट पाहा. सर्दीच्या काही गोळ्यांत स्यूडोएफेड्रिन असतं, आणि ते ठरावीक प्रमाणाच्या वर असलेली औषधं जपानमध्ये नेता येत नाहीत. आपल्याकडे ती सहज मिळतात म्हणून तिथंही चालतील असं नाही. डॉक्टरांनी लिहून दिलेली औषधं महिन्याभरापेक्षा जास्त न्यायची असतील तर आधी परवानगी काढावी लागते. ओला कढीपत्ता, भाज्या, हापूसची पेटी हे प्रमाणपत्राशिवाय विमानतळावरच राहील. आणि कुकर! बऱ्याच वसतिगृहांत इंडक्शनची शेगडी असते. आपला अॅल्युमिनियमचा कुकर तिच्यावर तापत नाही. स्टीलचा घ्या, आणि तळ इंडक्शनचा आहे ना, ते दुकानातच विचारा.

भाताची काळजी करू नका. इंद्रायणीचा आसट भात खाऊन वाढलेल्या माणसाला जपानी भात परका वाटत नाही. शाकाहारी मुलांची अडचण वेगळी आहे. ‘निकु’ खात नाही असं सांगितलं की तिथला माणूस निकु म्हणजे मांसाचे तुकडे, एवढंच धरतो. हॅमचे काप किंवा वरून भुरभुरवलेलं माशाचं कातण त्याच्या लेखी त्यात येईलच असं नाही. मिसो सूप दिसायला आपल्या कटासारखं निरागस असतं, पण त्याचं पाणी बहुतेक वेळा सुकवलेल्या बोनितो माशात उकळलेलं असतं. त्याला ‘दाशी’ म्हणतात. तेव्हा काय खात नाही त्याची यादी जपानीत लिहून खिशात ठेवा, आणि त्या यादीत दाशीचं नाव वेगळं घाला. दाशी सोडायची की नाही, हे मात्र आधी स्वतःशी ठरवा. ती सोडली तर बाहेर खाणं फार अवघड होतं, असा माझा अनुभव आहे.

भाषेचा बाऊ मराठी माणसानं तरी करू नये. जपानी वर्णमालेची मांडणी आ, का, सा, ता, ना, हा, मा, या, रा, वा अशी जाते. ओळखीची वाटली ना? ती बौद्ध भिक्षूंबरोबर गेलेल्या आपल्या वर्णमालेच्या क्रमावरूनच आलेली आहे. क्रियापद वाक्याच्या शेवटी, विभक्तीसारखे प्रत्यय शब्दाच्या मागे. ‘करून बघ’, ‘करून ठेव’, ‘खाऊन टाकलं’ ही आपली जोडक्रियापदं जपानीत जशीच्या तशी सापडतात: शिते मिरु, शिते ओकु, ताबेते शिमात्ता. ‘थंडी आहे ना’ म्हणताना आपण शेवटी ‘ना’ लावतो, ते तिकडे ‘ने’ लावतात. सामुइ देस ने. इंग्रजीच्या वाटेनं जपानी शिकू नका, मराठीतून थेट जा. निम्मे श्रम वाचतील.

अवघड आहे ते न बोललेलं ऐकणं. निबंधाला आठवडाभराची मुदत वाढवून मिळावी म्हणून मी एकदा प्राध्यापकांकडे गेले. त्यांनी दातांतून हवा आत ओढली, मान तिरकी केली आणि म्हणाले, ‘मुझुकाशिइ देस ने.’ कठीण आहे बुवा. मी उत्साहानं म्हटलं, ‘हो सर, कठीण आहे, पण मी खूप मेहनत करीन!’ ते बिचारे गप्प राहिले. त्यांनी मला केव्हाच नाही म्हटलं होतं. ‘चोत्तो’ म्हणजे ‘जरा’, आणि वाक्य तिथंच सोडून दिलं तरी तो नकारच. दुकानात ‘दाइजोओबु देस’, म्हणजे ‘ठीक आहे’, म्हणालात तर ‘पिशवी नको’ असा अर्थ होतो. यात परकं काही नाही. आपल्याकडे ‘बघू’ म्हटलं की काय समजायचं, हे कुणाला शिकवावं लागतं का? तिथल्या ‘बघू’चे सूर ओळखायला मात्र दोन-तीन महिने लागतात. तोवर शंका आली की सरळ विचारावं, ‘म्हणजे नाही ना?’ परदेशी विद्यार्थ्याला एवढी मुभा असते.

भूकंपाबद्दल एक गोष्ट मराठवाड्यातून जाणाऱ्यांसाठी मुद्दाम सांगते. 1993 च्या किल्लारीच्या भूकंपात दगडमातीच्या जाड भिंती अंगावर कोसळून माणसं गेली. ज्या घरात ती आठवण आहे, तिथं ‘हललं की बाहेर पळ’ हे मुलांच्या अंगात भिनलेलं असतं. जपानमधल्या आधुनिक इमारती हादरे सोसण्यासाठी बांधलेल्या असतात. तिथं पळत सुटणं जास्त धोक्याचं, कारण बाहेर काचा आणि पाट्या पडतात. फोन एकदम कर्कश ओरडू लागला की टेबलाखाली शिरा, डोकं झाका, थांबा. बातम्यांत 0 ते 7 अशी ‘शिन्दो’ ऐकाल. ती रिश्टरसारखी भूकंपाची ताकद नसून तुम्ही आहात त्या जागी किती हललं, त्याचं माप आहे. जवळचं निवाऱ्याचं ठिकाण पहिल्याच रविवारी चालत जाऊन पाहून या. आगीसाठी आणि रुग्णवाहिकेसाठी 119, पोलिसांसाठी 110.

हे सगळं जमतं. जमत नाही ती संध्याकाळ. डिसेंबरात टोकियोत साडेचारलाच सूर्य मावळतो. अनेक गावांत पाच वाजता भोंग्यांवर ‘यूयाके कोयाके’ या बालगीताची धून वाजते. भोंगे आपत्तीच्या सूचनेसाठी बसवलेले, रोज वाजवले की चालू आहेत ते कळतं. पण खोलीत हीटर लावून एकट्या बसलेल्या मुलीला ती धून ऐकून घर आठवतं. एप्रिलमध्ये नवं सत्र सुरू झालं की मे महिन्यात मन उतरतं. याला जपान्यांनी नावच ठेवलंय, ‘गोगात्सुब्योओ’, मे महिन्याचं दुखणं. म्हणजे हे तिथल्या मुलांनाही होतं, तुम्हीच दुबळे आहात असं नाही. विद्यापीठात ‘गाकुसेइ सोओदान’, म्हणजे विद्यार्थी-सल्ला, अशी पाटी असलेली खोली शोधून ठेवा. पालकाच्या जुडीतला सोओदान तो हाच. खोकल्यासाठी डॉक्टरकडे जातो तसं तिथं जावं.

शेवटी भाजीतल्या नव्हे, घरातल्या पालकांना एक विनंती. जेवणखाण आटोपून निवांत गप्पा मारायला रात्री दहाला फोन लावू नका. जपान आपल्यापेक्षा साडेतीन तास पुढे आहे. तिथं तेव्हा मध्यरात्रीचा दीड वाजलेला असतो, आणि तुमचा आवाज ऐकायला तुमची लेक तरीही जागी असते.