वर्तणुकीचा रकाना

(टिटवाळ्यातील युवक शिबिरात केलेल्या भाषणाचा मजकूर)



मला विषय दिलाय 'मिशनरी शाळेतली शिस्त आणि आपली पोरं'. मी तसल्या शाळेत शिकलो म्हणून दिलाय. बोलण्याआधी हा कागद बघा. हा माझा शाळा सोडल्याचा दाखला. वर रकाना आहे धर्म आणि जातीचा. तिथं लिहिलंय 'बौद्ध'. खाली रकाना आहे 'वर्तणूक'. तिथं लिहिलंय 'समाधानकारक'. माझ्या बाकावरच्या इतर पोरांच्या दाखल्यावर होतं 'चांगली'. या दोन शब्दांत काय फरक असतो ते पहिल्या नोकरीला दाखला घेऊन गेलो तेव्हा कळलं. साहेबाने कागद खालून वाचला आणि विचारलं, "काय लफडं केलं होतं रे?"

काय लफडं केलं होतं ते सांगतो. शाळेचं नाव सांगणार नाही. गोष्ट एका शाळेची नाहीच.

आम्ही मांडा-टिटवाळ्याच्या चाळीत राहायचो. बाप कंपनीत हंगामी कामगार. आज काम, उद्या गेटबाहेर. शाळा कल्याणच्या बाजूला. कसाऱ्याची गाडी टिटवाळ्याला येते तीच गच्च भरून. मागून मेल आली की लोकल बाजूला. आंबिवलीच्या अलीकडे डब्यात लटकलेलं पोर काय करणार? आणि टिटवाळा म्हणजे महागणपती. अंगारकीला रात्रीपासून रांग लागते, पहाटे दर्शन उरकून माणसं परतीच्या गाडीत घुसतात. त्या दिवशी माझा लेटमार्क ठरलेला. गर्दी गणपतीची, लेटमार्क बौद्धाच्या पोराला आणि शिक्षा येशूच्या शाळेत! हसा, हसा. तेव्हा हसू येत नव्हतं. प्रेयर संपेपर्यंत गेटबाहेर उभं राहायचं, मग हात पुढे करायचा. फूटपट्टी आडवी नाही, उभी, कडेने मारायची. वर डायरीत रिमार्क. वर्गात मराठी शब्द निघाला की एक रुपया दंड. ज्याच्या घरी इंग्रजी त्याचा रुपया वाचायचा. आमचा बापाच्या बिडीकाडीतून जायचा.

१९९४ साल. मी आठवीत. त्याच जानेवारीत मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव लागलं होतं. घरात सणासारखं होतं. बाप म्हणाला, यंदा पोराला चैत्यभूमीला न्यायचं. ६ डिसेंबरला मंगळवार होता. रात्र शिवाजी पार्कात काढली, सकाळी घरी आलो, दोन दिवस शाळा बुडाली. डायरीत कारण मी खरं लिहिलं: 'दादर, चैत्यभूमी.' टीचरने वर्गात मोठ्याने वाचलं आणि विचारलं, "पिकनिक कशी झाली?" वर्ग हसला. मी म्हणालो, "तुम्ही गुड फ्रायडेला पिकनिकला जाता का?"

हेच माझं लफडं. उद्धट उत्तर.

बापाला बोलावणं आलं. एक खाडा पडला. सिस्टरच्या टेबलासमोर तो उभा, खुर्ची रिकामी. "शिष्टर, पोराची चुकी झाली." एवढंच तीनदा म्हणाला. समोर इंग्रजीत लिहिलेला कागद आला. बाप रात्रशाळेत सही शिकला होता. पोराच्या शाळेत सही करायला मिळते म्हणून त्याने ती हळू, नीट, रेघेवर केली. पुढे मी दहावीत असताना तो कागद घरच्या ट्रंकेत मला सापडला, तेव्हा वाचून दाखवला. त्यात लिहिलं होतं की माझा मुलगा बेशिस्त आहे, मला हे मान्य आहे, पुन्हा घडल्यास मी स्वतः त्याचा दाखला घेऊन जाईन. बाप काही बोलला नाही. उठून बाहेर गेला.

आता कुणी म्हणेल, बघा, हे मिशनवाले असेच. थांबा. याच सिस्टरने मी सातवीत असताना, बापाचं काम सुटलं तेव्हा, वर्षाची फी माफ केली होती. न मागता. दोन्ही खरं आहे. दोन्ही बोललं पाहिजे.

इतिहास तर अजून जुना आहे. जोतिबा १८४१ साली पुण्याच्या स्कॉटिश मिशनच्या शाळेत गेले. सावित्रीबाई अहमदनगरला मिस फरार यांच्याकडे शिकवायला शिकल्या. फुल्यांच्या शाळेतली मांगाची पोर मुक्ता साळवे. तिने १८५५ साली महार-मांगांच्या दुःखावर निबंध लिहिला, तो छापला मिशनऱ्यांच्या 'ज्ञानोदया'ने. आणि सरकारी शाळा? १८५६ साली धारवाडला एका महार पोराने सरकारी शाळेत नाव घालायला अर्ज केला. मुंबई सरकारने दार उघडलं नाही. सवर्णांची पोरं शाळा सोडतील ही भीती. बाबासाहेबांनी १९२८ साली सायमन कमिशनपुढच्या निवेदनात हे प्रकरण मांडलंय. खुद्द बाबासाहेबांना साताऱ्याच्या शाळेत घरून गोणपाट न्यावं लागायचं, वर्गात वेगळं बसावं लागायचं. ती पण शिस्तच होती. शाळेचा नियम म्हणूनच ती चालायची.

तेव्हा मिशनने दार उघडलं हे नाकारणारा कृतघ्न. पण दार उघडलं म्हणून आत गेल्यावर मान खाली घालून चालायचं, असा करार आपल्या कुणाच्या बापाने केलेला नाही. झाला असेल तर तो न वाचता येणाऱ्या भाषेत केलाय.

शाळेत एक आया होती. नगर जिल्ह्यातली, जन्माने मांग, आजाच्या काळापासून ख्रिस्ती. गेटबाहेर उभं राहून पाय दुखले की मला पायरीवर बसवायची. एकदा मी विचारलं, "मावशी, तुम्ही तर त्यांच्याच की." ती म्हणाली, "पोरा, आमच्या गावाकडं चर्चमधी बी आमची चटई मागंच असायची." चर्च बदललं, चटई तिथेच. वर सरकारचा न्याय बघा. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातीच्या सवलती फक्त हिंदूंना. शीख १९५६ साली आत आले, आपण बौद्ध १९९० साली. मावशी अजून बाहेरच आहे. म्हणून आपली लढाई क्रुसाशी नाही. मावशी आपली आहे.

हे मोठ्याने बोलतोय, कारण हल्ली भगवे गमछे घालून काही टोळकी मिशनच्या शाळांवर जातात. धर्मांतर, संस्कृती, असं ओरडतात. ते तुमच्याकडे पण येतील, म्हणतील, या, तुमच्या पोराला पण मारलं ना? जाऊ नका. त्यांना तुमच्या पोराच्या हातावरचा वळ दिसत नाही. २०२५ च्या नोव्हेंबरात वसईतली बातमी आली. सहावीतली पोरगी, उशिरा आली म्हणून शंभर उठाबशा काढायला लावल्या, पुढे ती मेली. ती काही मिशनची शाळा नव्हती. तेव्हा हे संस्कृतीवाले कुठे होते? छडीला धर्म नसतो मित्रांनो. ती कुणाच्या हातावर पडते, हे मात्र ठरलेलं असतं.

आता कायदा. शिक्षण हक्क कायदा २००९ चा. त्याच्या १७ व्या कलमाने शारीरिक शिक्षेला आणि मानसिक छळाला बंदी. १२ व्या कलमाने खाजगी शाळेत पंचवीस टक्के जागा गरिबांच्या पोरांना. पण २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींनी निकाल दिला की अल्पसंख्याकांच्या शाळांना हा कायदा लागू नाही. म्हणजे पंचवीस टक्क्यांचं दार तिथे बंद, आणि १७ वं कलमही गेलं. २०२५ च्या सप्टेंबरात त्याच न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींनी त्या निकालावर शंका घेऊन प्रश्न मोठ्या पीठाकडे पाठवावा असं म्हटलं. ते चालत राहील. पण कुणी मुख्याध्यापक सांगेल की आम्हाला कायदा लागू नाही, तर गप्प बसू नका. २०१५ च्या बालन्याय कायद्याचं ७५ वं कलम आहे. ज्याच्या ताब्यात मूल, त्याने मारहाण-छळ केला तर गुन्हा आहे. लोकांदेखत जातीवरून अपमान केला तर १९८९ चा अॅट्रॉसिटी कायदा आहे. अल्पसंख्याकांचा हक्क आपल्याला मान्य आहे, आपणही अल्पसंख्याक आहोत. तो शाळा चालवण्याचा हक्क आहे. पोर बडवण्याचा नाही.

आता जरा आपल्याकडे वळतो. आवडणार नाही तुम्हाला. मघाशी टाळ्या वाजवणाऱ्यांतली किती पोरं संध्याकाळी पुस्तक उघडतात? परीक्षेच्या आदल्या रात्री आपल्याच वस्तीत डीजे वाजतो की नाही? बाबासाहेब अठरा-अठरा तास वाचत बसायचे ते कुणाच्या फूटपट्टीला भिऊन नाही. शिस्त आपल्याला नको आहे असं म्हणून नका फिरू. आपल्याला शिस्त हवीय, पण कोण ठरवणार आणि जाब कोण देणार, हे विचारायचा हक्कही हवाय.

म्हणून कामं सांगतो, चारच. एक, आपली पोरं ज्या शाळेत आहेत तिथे चार-पाच पालकांनी मिळून जायचं आणि शाळेचे नियम मराठीत लेखी मागायचे. दोन, लोकल लेट झाली तर लेटमार्क नको, मराठी बोलल्याचा दंड नको, याचा अर्ज द्यायचा आणि पोच घ्यायची. तीन, कुठल्याही आईबापाने न वाचता माफीनाम्यावर सही करायची नाही. सोबत वाचणारं पोरगं इथून जाईल. आज वहीत नाव द्या. चार, विहारात संध्याकाळी सात ते नऊ अभ्यास. त्या वेळेत वस्तीत भोंगा बंद. हा नियम आपण केलाय, म्हणून मोडला तर जाब आपणच द्यायचा.

बाप आता नाही. हा दाखला मी बदलून घेऊ शकलो असतो, कुणीतरी सुचवलं पण होतं. नाही घेतला. 'पिकनिक' म्हणणारीला मी जे उत्तर दिलं ते आजही देईन. फक्त बापाला त्या रिकाम्या खुर्चीवर बसवून देईन.

वही इथे टेबलावर आहे. जयभीम.