बिल्कीस अब्दुल कादिर : मैदानावरचा एक धडा

(वार्षिक स्नेहसंमेलनातील भाषण)



नांदेड काय आणि लातूर काय, आपल्याकडे मुलगी आठवी-नववीत गेली की घरात दोन गोष्टी ठरतात. एक, तिने आता अभ्यासाकडे लक्ष द्यावे. आणि दुसरी, तिने आता मैदानावर जाऊ नये. पहिली गोष्ट योग्यच आहे. लातूरने तर परीक्षेच्या तयारीचा स्वतःचा पॅटर्न साऱ्या महाराष्ट्राला दिला. दुसऱ्या गोष्टीविषयी चार शब्द बोलावेत म्हणून आज एका खेळाडूची हकीकत सांगतो.

अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स राज्यात स्प्रिंगफील्ड नावाचे शहर आहे. १८९१ साली जेम्स नेस्मिथ या शिक्षकाने तेथे फळांच्या टोपल्या टांगून बास्केटबॉलचा खेळ सुरू केला. त्याच गावी १९९० साली एका मुस्लिम कुटुंबात बिल्कीस अब्दुल कादिर जन्मली. आठ भावंडांत ती सर्वांत धाकटी. हायस्कुलात असताना ती हिजाब वापरू लागली आणि डोके, हात, पाय झाकूनच खेळू लागली. प्रेक्षकांतून टोमणे येत. तिने उत्तर दिले ते चेंडूने. २००९ साली शाळा संपली तेव्हा तिच्या नावावर ३,०७० गुण जमा होते. त्या राज्यात कोणा मुलाने वा मुलीने शालेय सामन्यांत तेवढे गुण तोपर्यंत केले नव्हते. आधीचा मुलींचा उच्चांक रिबेका लोबो या ऑलिंपिक सुवर्णपदक विजेत्या खेळाडूचा होता. त्याच वर्षी रमजानमध्ये राष्ट्राध्यक्ष ओबामा यांनी व्हाइट हाऊसमधील इफ्तारच्या प्रसंगी तिचे नाव घेऊन कौतुक केले.

विद्यार्थिनींनो, पुढचा भाग नीट ऐका. मेंफिस विद्यापीठाने तिला शिष्यवृत्ती दिली. पण सुरुवातीलाच गुडघ्याला मोठी दुखापत झाली आणि एक हंगाम हातचा गेला. ती पुन्हा उभी राहिली. अमेरिकेतील विद्यापीठांच्या पहिल्या श्रेणीत हिजाब घालून बास्केटबॉल खेळणारी ती पहिली खेळाडू ठरली. खेळता खेळता तिने पदवीही उत्तम रीतीने मिळविली. खेळाने अभ्यास बुडतो असे म्हणणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे.

२०१४ साली तिला परदेशात व्यावसायिक खेळाडू व्हायचे होते. तेव्हा कळले की जागतिक संघटना 'फिबा' हिच्या नियमाप्रमाणे डोके झाकून खेळता येत नाही. कारण सांगितले गेले दुखापतीचे. त्याच वर्षी इंचॉनच्या आशियाई स्पर्धेत कतारच्या महिला संघाला याच नियमापायी सामना सोडावा लागला. हिजाब ठेवावा की खेळ, असा प्रश्न बिल्कीसपुढे आला. तिने हिजाब ठेवला, पण हातपाय गाळले नाहीत. इतर खेळाडूंबरोबर तिने नियम बदलण्यासाठी आवाज उठविला. अखेर मे २०१७ मध्ये फिबाने नियम बदलला आणि १ ऑक्टोबरपासून तो अमलात आला. तोवर तिची स्वतःची वेळ निघून गेली होती. जे दार तिने ठोठावले, त्यातून आत गेल्या त्या दुसऱ्या मुली. ती मात्र मुलींना खेळ शिकवू लागली.

पालकहो, तिला नियमाने अडविले. आपल्या मुलींना कोण अडविते? तो नियम केव्हाच गेला. आता उरलो आपण.

यात मीही दोषी आहे. पुष्कळ वर्षांपूर्वी माझ्या वर्गातील एका चपळ मुलीचे वडील विचारावयास आले, "सर, हिला जिल्ह्याच्या सामन्यांना पाठवू का?" मी म्हणालो, "दहावीचे वर्ष आहे, राहू द्या." ती गेली नाही. दहावीला तिला जे गुण मिळाले ते खेळूनही मिळाले असते, असे आज वाटते. तिने मला कधी बोल लावला नाही. म्हणूनच ते अधिक लागते.

हजरत आयेशा (र. अ.) यांनी पैगंबरसाहेबांबरोबर धावण्याची शर्यत केल्याचा उल्लेख हदीसमध्ये आहे. मुंबईच्या नागपाड्याने अब्बास मुंतसिर यांच्यासारखा भारताचा कर्णधार दिला. त्यांना १९७० चा अर्जुन पुरस्कार मिळाला. २०१७ साली बंगळूरला आशिया चषकाचा 'ब' विभाग जिंकणाऱ्या भारतीय महिला संघात पुण्याची शिरीन लिमये होती. नागपाडा आणि पुणे जे करू शकतात ते मराठवाड्याला अशक्य का असावे? व्यवहाराचेच बोलायचे तर खेळाडूंना बोर्डाच्या परीक्षेत सवलतीचे गुण आहेत आणि सरकारी नोकरीत पाच टक्के आरक्षण आहे.

मागणे मोठे नाही. दहा फुटांवर एक कडे, एक चेंडू, मुलींसाठी राखून ठेवलेला एक तास आणि देखरेखीला एक शिक्षिका. पोशाख मुलीने व घराने ठरवावा. आणि सामना असेल त्या दिवशी वडिलांनी दुकान तासभर लवकर बंद करून मैदानाच्या कडेला उभे राहावे. मुलीला एवढे पुरते.