दुसऱ्या दिवशी काय होतं?

मित्रमैत्रिणींनो, सकाळपासून अर्ध्या वर्गाने मला गाठून ‘हल्ली फार थकवा येतो गं’ म्हणून सांगितलंय. बहुतेकांचं कारण तपासणीत सापडेल: हिमोग्लोबिन, थायरॉइड, साखर, बी-१२. (घोरणाऱ्यांनी झोपेचीही तपासणी करून घ्या. नावं घेत नाही!)

पण काहींचे सगळे रिपोर्ट नॉर्मल येतात आणि घरचे म्हणतात, ‘आळस आहे’. त्यांना मी विचारते, जास्त काम झालं की दुसऱ्या दिवशी काय होतं? साधा थकवा विश्रांतीने उतरतो. क्रॉनिक फटीग सिंड्रोममध्ये नुसतं बाजारात जाऊन आलं तरी माणूस एखाद्या दिवसाने कोसळतो, कधी आठवडाभर उठत नाही. झोपून ताजंतवानं वाटत नाही. शब्द आठवत नाहीत, किंवा उभं राहिलं की गरगरतं. २०१५ च्या अमेरिकन निकषांत यासाठी सहा महिन्यांची मुदत आहे. निदान पक्कं करणारी रक्तचाचणी नाही. रुग्णाचं ऐकावंच लागतं.

अशा माणसाला ‘रोज थोडं जास्त चाल’ म्हणू नका. ब्रिटनच्या ‘नाइस’ संस्थेने २०२१ मध्ये तो ठरावीक वाढत्या व्यायामाचा उपचार बाद केला. काय केलं, नंतर काय झालं, याची दोन आठवड्यांची नोंद वहीत करा आणि ती वही डॉक्टरांसमोर ठेवा.