झेंडा उभा राहिला तेव्हाची ती क्लिप

आज एका क्लिपची गोष्ट. रीलपेक्षाही छोटी आहे ती. मी पहिल्यांदा मोबाईलवर पाहिली तेव्हा आवाज येईना, म्हणून इयरफोन काढून पुन्हा लावला. मग कळलं, तिला आवाज नाहीच. रंग मात्र आहेत. राखाडी-तपकिरी डोंगरमाथा, कचऱ्यासारखा पडलेला दगडधोंडा, आणि सहा माणसं एक जड पाईप उचलून उभा करतायत. पाईपच्या टोकाला झेंडा आहे. बास, एवढंच.

तारीख 23 फेब्रुवारी 1945. जागा इवो जिमा, जपानच्या दक्षिणेला पॅसिफिक महासागरातलं एक ज्वालामुखी बेट, जेमतेम 21 चौरस किलोमीटरचं. अमेरिकन मरीन सैनिक 19 तारखेला तिथे उतरले होते. सुरीबाची नावाच्या डोंगरावर त्यांनी झेंडा लावला आणि त्याचा जो रोझेन्थाल या छायाचित्रकाराने काढलेला फोटो जगभर गाजला. तो तुम्ही कुठे ना कुठे पाहिलाच असेल. पुलित्झर मिळालं, वॉशिंग्टनजवळ आर्लिंग्टनला त्यावरून भलंमोठं शिल्प उभारलं. पण रोझेन्थालच्या शेजारीच आणखी एक जण उभा होता, हातात 16 मिलिमीटरचा मूव्ही कॅमेरा घेऊन. सार्जंट बिल जेनॉस्ट. वय 38, म्हणजे आजूबाजूच्या पोरांच्या मानाने चांगलाच मोठा. आधीच्या वर्षी सायपान बेटावर जखमी होऊनही तो पुन्हा आघाडीवर आला होता.

त्याचा कॅमेरा चावीचा होता, जुन्या घड्याळासारखा. चावी भरायची, बटण दाबायचं, आणि स्प्रिंग सैल होईपर्यंत जे मिळेल ते आपलं. मागे जाऊन काय आलंय ते बघायची सोयच नव्हती. कोडाक्रोम फिल्म होती, ती लॅबमध्ये धुऊन येईपर्यंत आपण काय टिपलं हे टिपणाऱ्यालाही कळायचं नाही. आपण फोनवर दहा टेक घेऊन नऊ डिलीट करतो ना, त्या सवयीने याच्याकडे बघू नका.

आता खरी गंमत. गंमत कसली, भानगडच म्हणा. त्या दिवशी डोंगरावर झेंडा दोनदा लागला होता. सकाळी पहिला, लहान. मग लांबून दिसावा म्हणून त्याच्या जागी दुसरा, मोठा. फोटो या दुसऱ्याचा. त्यानंतर रोझेन्थालने त्या सैनिकांना एकत्र उभं करून, हात उंचावलेला असा एक ग्रुप फोटोही काढला. फिल्म ग्वाम बेटावर गेली, तिथून फोटो अमेरिकेत पोचला, 25 तारखेच्या रविवारी पेपरांच्या पहिल्या पानांवर झळकला. आणि रोझेन्थालने स्वतः तो अजून पाहिलेलाच नव्हता! काही दिवसांनी तो ग्वामला आला तेव्हा कोणीतरी विचारलं, फोटो पोझ देऊन घेतलास का? त्याला वाटलं ग्रुप फोटोबद्दल विचारतायत. तो हो म्हणाला. झालं. फोटो बनावट आहे, ही बातमी सुटली. ती देणाऱ्या पत्रकाराने नंतर माफी मागितली, पण रोझेन्थाल पुढे आयुष्यभर खुलासे देत राहिला.

त्याच्या बाजूने सगळ्यात पक्का साक्षीदार म्हणजे जेनॉस्टची क्लिप. त्यात कोणी थांबत नाही, कोणी कॅमेऱ्याकडे बघत नाही. पाईप जमिनीवरून उठतो, झुकतो, सरळ होतो, आणि फोटोतला तो प्रसिद्ध क्षण मध्येच कुठेतरी निसटून जातो. मी पॉज करून शोधायचा प्रयत्न केला. पहिल्या दोन वेळा अंगठा चुकलाच.

बरं, प्रकरण एवढ्यावर संपलं नाही. फोटोत चेहरे धड दिसत नाहीत, त्यामुळे हे सहा जण कोण यावर घोळ चालूच राहिला. एक नाव 1947 मध्ये बदललं. 2016 मध्ये मरीन कोअरने मान्य केलं की जॉन ब्रॅडली त्या फोटोत नाही. तो पहिल्या झेंड्याच्या वेळी होता. हा तोच ब्रॅडली, ज्याच्या मुलाने लिहिलेल्या पुस्तकावर क्लिंट ईस्टवूडने सिनेमा काढला. त्याच्या जागी निघाला हॅरल्ड शुल्ट्झ. हौशी अभ्यासकांनी हेल्मेटचे पट्टे, बंदुकीचे पट्टे असल्या बारीकसारीक गोष्टी जुळवून हे उकललं. मग 2019 मध्ये रेने गॅन्यॉनच्या जागी हॅरल्ड केलर. या वेळी जेनॉस्टच्या फ्रेम्सचा मोठा उपयोग झाला, कारण तो थोड्या वेगळ्या कोनातून बघत होता. केलर 1979 मध्येच गेला होता, शुल्ट्झ 1995 मध्ये. दोघांनीही हयातीत कधी जाहीरपणे म्हटलं नाही की त्या फोटोत मी आहे. मला हे फार विचित्र वाटतं. आपण तर ग्रुप फोटोत मागे अर्धा कान दिसला तरी टॅग करतो.

एक गोष्ट मात्र या फिल्ममध्ये शोधून सापडत नाही. जपानी सैनिक. बेटावर वीस हजारांच्या वर होते, पण जनरल कुरिबायाशींनी त्यांना जमिनीखाली किलोमीटरच्या किलोमीटर बोगद्यांत ठेवलं होतं. कॅमेऱ्याला वर दिसते ती नुसती राख. त्यांतले बहुतेक सगळे तिथेच मेले, आणि दहा हजारांहून जास्त जणांचे अवशेष अजूनही सापडलेले नाहीत. बेटावरच्या साध्या रहिवाशांना 1944 मध्ये बाहेर काढलं होतं; त्यांनाही परत राहायला जाता आलं नाही.

आणि जेनॉस्ट? झेंड्याच्या नवव्या दिवशी, 4 मार्चला, हिल 362ए नावाच्या टेकडीवर सैनिक गुहा तपासत होते. आत कोणी आहे का बघायला तो टॉर्च घेऊन शिरला. आत लोक होते. त्याला बाहेर काढता आलं नाही, पुढे गुहेचं तोंड बुजवलं गेलं. आपली क्लिप त्याने पडद्यावर कधी पाहिलीच नाही. ती चित्रपटगृहांत न्यूजरीलमध्ये लागली तेव्हा त्याचं नावही नव्हतं. 1995 मध्ये सुरीबाचीवर त्याच्या नावाची पाटी बसवली. 2007 मध्ये अमेरिकेचं एक पथक त्याला शोधायला बेटावर गेलं. टेकडी मिळाली, तो मिळाला नाही.

क्लिप नेटवर सहज सापडेल, रंगीतच बघा. आवाज आला नाही तर इयरफोन तपासू नका. भेटू पुढच्या भागात.