पडद्यावरची खरी गोष्ट
(विहाराच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



आपल्या रविवारच्या बालवर्गात मी एकदा महाडच्या सत्याग्रहाविषयी विचारलं. एका मुलानं सगळा प्रसंग संवादासकट म्हणून दाखवला. मुलांनी टाळ्या वाजवल्या, मीही वाजवल्या. घरी येऊन तो संवाद शोधला, तर माझ्याजवळच्या एकाही चरित्रात सापडेना. पुढच्या रविवारी पोराला विचारलं, तर म्हणतो, "काका, टीव्हीवर दाखवलं ना!"

बंधूंनो, दोष त्या मुलाचा नाही. पुस्तक उघडण्याआधी पडदा घरात आला आहे. म्हणून सत्यकथेवरचा सिनेमा किंवा मालिका पारखायची कशी, हे आपणच शिकलं पाहिजे. मी तीन प्रश्न विचारतो.

पहिला, काय गाळलं? चवदार तळ्याचं पाणी बाबासाहेबांनी घेतलं 20 मार्च 1927 रोजी, आणि मनुस्मृतीचं दहन झालं 25 डिसेंबर 1927 रोजी. पडद्यावर हे लागोपाठ येऊन जातं. पण मधल्या नऊ महिन्यांत तळ्याचं "शुद्धीकरण" झालं, नगरपालिकेनं तळं खुलं करण्याचा ठराव मागे घेतला, कोर्टाचा मनाई हुकूम आला. हायकोर्टाचा निकाल आपल्या बाजूनं लागला तो थेट 1937 साली! ही दहा वर्षांची चिकाटी गाळली, तर मुलांना वाटेल, ओंजळ भरली आणि हक्क मिळाला.

दुसरा, काय बदललं? 2021 सालचा 'जय भीम' हा तमिळ चित्रपट 1993 सालच्या पोलीस कोठडीतील मृत्यूच्या खऱ्या प्रकरणावर आहे. ते प्रकरण लढवणारे वकील के. चंद्रू पुढे मद्रास हायकोर्टाचे न्यायमूर्ती झाले. चित्रपटात पीडित कुटुंब इरुळर जमातीचं आहे, प्रत्यक्षात ते कुरवर समाजाचं होतं. चित्रपट चांगलाच आहे. पण ज्यांनी ते दुःख भोगलं त्यांची ओळखच बदलली, हेही परीक्षणात सांगायला नको का?

तिसरा, काय मिळवून दिलं? डॉ. जब्बार पटेल यांचा बाबासाहेबांवरचा इंग्रजी चित्रपट 2000 साली प्रदर्शित झाला. मामूट्टी या मल्याळी नटाला त्या भूमिकेसाठी राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. एवढं मोठं आयुष्य सुमारे तीन तासांत मावणार कसं? तरीही मराठी न कळणाऱ्या माणसापर्यंत बाबासाहेब पोचले, हे मोल विसरून चालणार नाही.

कोणी म्हणेल, श्रद्धेनं बघावं, चिकित्सा कशाला? भगवंतांनी कालामांना सांगितलं, ऐकलं म्हणून मानू नका, ग्रंथात आहे म्हणून मानू नका. मग टीव्हीवर दिसलं म्हणून मानायचं? आणि एक धोका आहे. एक रचलेला संवाद पकडून उद्या कोणी आपला खरा इतिहासच खोटा ठरवील. तेव्हा तुमच्या मुलाकडे उत्तर पाहिजे.

त्या मुलानं मला विचारलं होतं, "मग ते खोटं दाखवलं का?" मी म्हणालो, "बाळ, घटना खरी, पण ते बोलणं लेखकाचं असावं. चल, पुस्तकात बघू." आम्ही दोघं खैरमोडे यांनी लिहिलेलं चरित्र उघडून बसलो.

तेवढंच तुम्हीही करा. मालिका संपली की टीव्ही बंद करा आणि दहा मिनिटं मुलाबरोबर पुस्तक उघडा.

जय भीम! नमो बुद्धाय!