आकड्याचे कूळ



अर्थशास्त्र, वित्त आणि संख्याशास्त्र या तीन विद्यांच्या अध्यापकांना एका मांडवाखाली आणणाऱ्या या परिषदेचे अध्यक्षपद आपण मला दिलेत, याबद्दल मी आपला अंतःकरणपूर्वक ऋणी आहे. या स्थानावरून शास्त्राच्या वर्षभरातील प्रगतीचा आढावा घ्यावा असा प्रघात आहे. परंतु नव्या शैक्षणिक धोरणाने चार वर्षांच्या ऑनर्स पदवीची वाट आपल्या विद्यापीठांत मोकळी केल्यामुळे, या तीन विद्या एकत्र शिकावयाच्या म्हणजे नेमके काय करावयाचे, हा प्रश्न आज आपल्यापैकी प्रत्येकाच्या दाराशी येऊन उभा आहे. म्हणून त्या एकाच प्रश्नाचा विचार आपणांसमोर मांडण्याची अनुज्ञा मी मागतो.

काही वर्षांपूर्वी एका पदवी परीक्षेच्या तोंडी चाचणीस मी परीक्षक होतो. एका बुद्धिमान विद्यार्थ्याने जिल्हावार ज्वारीच्या उत्पन्नाचा तक्ता घेऊन त्यावर उत्तम गणित केले होते. सहसंबंध काढले होते, प्रमाण विचलने दिली होती, पुढील वर्षाचे अनुमानही बांधले होते. मी त्याला विचारले, "हेक्टरी उत्पन्नाचा हा आकडा कोणी मोजला, आणि कसा?" तो गप्प झाला. त्या मौनाचा दोष मी त्याला देत नाही, कारण पदवीच्या साऱ्या वर्षांत त्याला हा प्रश्न कोणी विचारलाच नव्हता; अर्थशास्त्राच्या वर्गात त्याला सिद्धांत मिळाला, संख्याशास्त्राच्या वर्गात सूत्र मिळाले, वित्ताच्या वर्गात व्याजाचे आणि जोखमीचे हिशेब मिळाले, आणि तिन्ही वर्गांत आकडा मात्र असा आला की जणू तो आकाशातून पडला असावा. ते मौन आपले, अध्यापकांचे होते.

आकड्याला कूळ असते, हे मला आज सांगावयाचे आहे. अमुक गोष्ट मोजण्याजोगी आहे असे कोणीतरी ठरवितो, ती कोणत्या तरी रीतीने मोजली जाते, आणि त्या मापावर विसंबून कोणीतरी पैशाचे वचन देतो वा नाकारतो. यांतील पहिला निर्णय अर्थशास्त्राचा, दुसरी कृती संख्याशास्त्राची आणि तिसरा व्यवहार वित्ताचा असला, तरी ज्या माणसाच्या ताटावर वा शेतावर त्याचा परिणाम होतो त्याच्या दृष्टीने ती एकच घटना असते. ऑनर्सच्या विद्यार्थ्याला ही घटना अखंड पाहता आली पाहिजे.

असे पाहण्याची परंपरा आपल्याकडे नवी नाही. २६ मार्च १९०२ रोजी कलकत्त्यास वरिष्ठ कायदेमंडळात गोपाळ कृष्ण गोखले यांनी अंदाजपत्रकावर जे पहिले भाषण केले, त्याचे स्मरण या ठिकाणी उचित होईल. सरकारी जमाखर्चात भरघोस शिल्लक दिसत होती आणि ती प्रजेच्या भरभराटीची खूण म्हणून दाखविली जात होती. गोखल्यांनी त्या शिलकेचे कूळ शोधले. सरकारला दरवर्षी विलायतेत पौंडांत मोठा भरणा करावा लागे. १८९३ मध्ये टांकसाळी खाजगी रुप्याला बंद झाल्या. तरीही हुंडणावळीचा भाव काही काळ घसरतच राहिला आणि १८९४-९५ च्या सुमारास रुपया सुमारे १३ पेन्सांवर आला, तेव्हा एका पौंडासाठी १८ हून अधिक रुपये मोजावे लागत. पुढे तो १६ पेन्सांवर स्थिर झाला, तेव्हा त्याच पौंडास १५ रुपये पुरू लागले. रुपया घसरत असताना पडणारी तूट भरण्यासाठी जे कर वाढविले गेले होते, ते मात्र रुपया सावरल्यावरही तसेच राहिले. मिठावरील कर १८८८ मध्ये मणामागे दोन रुपयांवरून अडीच रुपये केला गेला होता, तो अडीच रुपयेच राहिला. याचा अर्थ, १८९६-९७ आणि १८९९-१९०० या दोन दुष्काळांतून नुकत्याच बाहेर पडलेल्या रयतेकडून गरजेहून अधिक वसूल होत होता, आणि त्या अधिक वसुलालाच समृद्धी हे नाव मिळाले होते. या भाषणाच्या पुढच्याच वर्षी मिठावरील कर दोन रुपयांवर आला आणि १९०७ पर्यंत तो एका रुपयापर्यंत उतरला.

या युक्तिवादात हुंडणावळ हे वित्त आहे, कराचा भार कोणावर पडतो हे अर्थशास्त्र आहे, आणि वर्षानुवर्षांचे आकडे एका मापावर आणून त्यांची तुलना करणे हे संख्याशास्त्र आहे. पण त्यांतील एकही धागा वेगळा काढून युक्तिवाद उभा राहत नाही. गोखले हे फर्ग्युसन महाविद्यालयातील अध्यापक आणि अंकगणिताच्या पाठ्यपुस्तकाचे कर्ते होते, आणि त्यांना सरकारी दप्तरांतील आकडे लावून देणारे गणेश व्यंकटेश जोशी हे सरकारी विद्यालयांत मुख्याध्यापकी करणारे गृहस्थ होते, ही गोष्ट या सभागृहातील शिक्षकांना बळ देणारी वाटावी. पुढे १९२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या रुपयाच्या प्रश्नावरील आपल्या ग्रंथात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी याच हुंडणावळीचा विचार आणखी खोल नेला. चलनाचे मोल घसरल्याने जो लाभ दिसतो तो राष्ट्राला बाहेरून मिळत नसून देशातील एका वर्गाच्या पदरातून दुसऱ्या वर्गाच्या पदरात जातो, हे त्यांनी दाखविले. दर हा शब्द पाठ्यपुस्तकात जितका निर्विकार दिसतो तितका तो व्यवहारात नसतो, हे विद्यार्थ्याने त्यांच्याकडून शिकावे.

आता मी त्या विद्यार्थ्याच्या ज्वारीकडे परत येतो, कारण त्याला जे उत्तर मिळाले नाही ते या तीन विद्यांच्या संगमाचे माझ्या मते सर्वांत उत्तम उदाहरण आहे. पूर्वी पीक किती आले हे आणेवारीने ठरे. महसूल खात्याचा माणूस उभ्या पिकावरून नजर फिरवी, गावातील जाणत्यांशी बोले आणि पीक इतके आणे आले असा शेरा दप्तरात पडे. साऱ्याची तहकुबी वा सूट त्या शेऱ्यावर अवलंबून असे. त्या नजरेत अनुभव होता. परंतु तिच्यात भीती, भीड आणि वरिष्ठांची मर्जीही मिसळलेली असे, आणि तिची चूक किती, हे कोणालाही सांगता येत नसे.

या नजरेच्या जागी मापाची रीत आणण्याचे श्रेय ज्यांना जाते त्यांत डॉ. पांडुरंग वासुदेव सुखात्मे अग्रभागी आहेत. सातारा जिल्ह्यातील बुध या गावी १९११ मध्ये जन्मलेल्या आणि लंडनहून संख्याशास्त्राचे उच्च शिक्षण घेऊन परतलेल्या या गणितज्ञाने १९४० नंतरच्या दशकात पीक कापणी प्रयोगांची पद्धत बसविली. गावे चिठ्ठ्या टाकाव्यात तशी यदृच्छेने निवडावयाची, गावातील शेत तसेच निवडावयाचे, शेतातील जागाही तशीच निवडून तेथे खुंट्या ठोकून दोर ताणावयाचा, आणि आतले पीक कापून, मळून, वाळवून तोलावयाचे. या कामात तुकडा केवढा घ्यावा यावर मोठा वाद झाला. लहान तुकडा कापावयास सोपा आणि स्वस्त. परंतु सुखात्म्यांनी दाखवून दिले की लहान तुकड्यांतून काढलेले उत्पन्न खऱ्याहून अधिक येते. कारण पाहा. दोराच्या अगदी कडेवर एक ताट उभे असते. ते आत की बाहेर? कापणाऱ्याचा हात नकळत ते आत घेतो. दहा मीटर बाजूच्या चौरसात शंभर चौरस मीटर क्षेत्राला चाळीस मीटर कड असते. एक मीटर बाजूच्या चौरसात एका चौरस मीटरला चार मीटर कड असते, म्हणजे क्षेत्राच्या मानाने कड दसपट होते आणि कडेवरील ताटांची चूकही त्या मानाने वाढते. जिला आपण फळ्यावर अभिनति म्हणतो आणि जिचे सूत्र पाठ करून घेतो, ती शेताच्या कडेला उभी असलेली ज्वारी असते. ज्या विद्यार्थ्याने एकदा तरी तो दोर हातात धरला आहे, त्याला ते सूत्र जन्मभर विसरता येणार नाही.

याच तोललेल्या धान्यावर पुढे पीकविम्याची इमारत उभी राहिली. प्रत्येक शेतकऱ्याच्या नुकसानीची वेगळी तपासणी करावयाची तर खर्च प्रचंड, आणि विमा उतरल्यावर मशागतीत कसूर होण्याचा संभव. म्हणून एका क्षेत्राचे सरासरी उत्पन्न हाच भरपाईचा आधार धरावा, या पद्धतीचा पुरस्कार अर्थशास्त्रज्ञ विनायक महादेव दांडेकर यांनी १९७६ मध्ये केला, आणि १९८५ च्या सर्वंकष पीकविमा योजनेपासून तीच पद्धत देशात रूढ झाली. महसूल मंडळाचे उंबरठा उत्पन्न दहा क्विंटल असेल आणि कापणी प्रयोगांत आठ क्विंटल निघाले, तर विमा संरक्षित रकमेच्या वीस टक्के भरपाई त्या मंडळातील प्रत्येक विमाधारकाला मिळते. पण ज्याचे एकट्याचे शेत ओढ्याच्या पुराने वाहून गेले आणि मंडळाची सरासरी मात्र चांगली आली, त्याच्या हाती या हिशेबाने काहीच पडत नाही. मूठभर प्रयोगांवरून काढलेल्या सरासरीत चूक किती, हप्ता किती असावा आणि गंगाजळी किती, व्यवहार्यता आणि न्याय यांचा मेळ कोठे बसवावा, हे तीन प्रश्न एकाच सात-बाऱ्यावर येऊन मिळतात. या एका योजनेवर पूर्ण सत्र शिकवावे इतके द्रव्य तिच्यात आहे.

सुखात्मे आणि दांडेकर या दोन विद्वानांमधील एका वादाचे मी आपणांस स्मरण करून देतो. दांडेकर आणि नीळकंठ रथ यांनी १९७१ मध्ये भारतातील दारिद्र्यावरील आपल्या अभ्यासात दरडोई रोजच्या २२५० कॅलरींच्या आहाराचा आधार घेऊन, १९६०-६१ च्या किमतींनुसार ग्रामीण भागात महिन्याला १५ रुपये आणि शहरात साडेबावीस रुपये ही किमान खर्चाची मर्यादा धरली, आणि तिच्याखाली ग्रामीण जनतेचे सुमारे ४० टक्के व शहरी जनतेचे सुमारे ५० टक्के लोक असल्याचे दाखविले. सुखात्म्यांनी त्यावर आक्षेप घेतला की आहाराची गरज माणसागणिक आणि एकाच माणसाच्या बाबतीतही दिवसागणिक बदलते. सरासरी गरजेलाच सीमारेषा मानले तर निरोगी माणसेही कुपोषितांत गणली जातील. सरासरी आणि तिच्याभोवतीचे विचरण यांतील हा भेद वर्गात दहा मिनिटांत शिकविता येतो, परंतु त्या भेदाच्या एका बाजूला वा दुसऱ्या बाजूला कोट्यवधी माणसे पडतात, हे कळावयास तो वाद मुळातून वाचावा लागतो. मी येथे निवाडा देत नाही. दोघेही देशातील भुकेविषयी सारखेच गंभीर होते, आणि मोजण्याची रीत हा त्यांच्या लेखी सदसद्विवेकाचा विषय होता, एवढेच मला विद्यार्थ्यापर्यंत पोहोचवावेसे वाटते.

या विवेचनावरून अभ्यासक्रमाविषयी काही सूचना आपोआपच निघतात. पहिल्या वर्षी गणिताचा पाया पक्का करावा, यात तडजोड नसावी. कलन आणि संभाव्यता यांच्यावाचून पुढचे वित्त केवळ पोपटपंची ठरते. त्याच वर्षी विद्यार्थ्याने दुहेरी नोंदीचा जमाखर्च स्वहस्ते लिहावा आणि आपल्या ग्रामपंचायतीचे वा नगरपालिकेचे अंदाजपत्रक वाचून समजून घ्यावे. दुसऱ्या व तिसऱ्या वर्षी एकच समाश्रयण तीन विभागांत तीन नावांनी आणि तीन चिन्हपद्धतींनी शिकविण्याची आजची रीत सोडून, तिन्ही विभागांच्या अध्यापकांनी एका वर्गात एका प्रश्नावर शिकवावे. आपल्या विभागांच्या भिंती विद्यार्थ्याने भोगाव्यात हे योग्य नव्हे. आणि चौथे वर्ष, ज्याच्यामुळे या पदवीला ऑनर्स म्हणावयाचे, ते एका प्रबंधासाठी राखून ठेवावे, ज्यातील निदान एक आकडा विद्यार्थ्याने स्वतः उन्हात उभे राहून मिळविलेला असेल: बाजार समितीतील आवक असो, बचत गटातील कर्जाची परतफेड असो, वा आठवडी बाजारातील भाजीचा भाव असो. आज संगणक क्षणात लाखो ओळींचा हिशेब करून देतो; म्हणूनच त्या ओळी कोठून आल्या हे विचारण्याची सवय पूर्वीपेक्षा अधिक निकडीची झाली आहे.

हे शिक्षण घेऊन आमचे विद्यार्थी बँकांत, विमा कंपन्यांत, भांडवल बाजारात नोकऱ्या धरतील, आणि त्यात गौण असे काहीही नाही. कर्जाच्या अर्जावर सही करणारा अधिकारी आणि हप्त्याचा दर ठरविणारा विमागणिती हे आज कोणत्याही मामलेदाराइतकेच लोकांच्या जीवनावर अधिकार चालवितात. तो अधिकार आकड्याचे कूळ जाणणाऱ्याच्या हाती असावा.

भाषेविषयी एक शब्द. नमुना, विचरण, उंबरठा, जोखीम, हुंडणावळ असे शब्द आपल्याजवळ आहेत. काही संस्कृतातून आले, काही पेढीवरून आणि काही दप्तरातून. विद्यार्थ्याने इंग्रजी ग्रंथ अवश्य वाचावेत, परंतु ज्या शेतकऱ्याच्या बांधावर तो दोर ताणणार आहे त्याला आपण काय करीत आहोत हे मराठीत सांगता येईपर्यंत त्याचा अभ्यास पुरा झाला असे मी मानणार नाही. कारण त्या शेतकऱ्याच्या होकारावाचून खुंटी रोवली जात नाही, आणि त्या मापाचा पहिला हक्कदारही तोच आहे.

त्या तोंडी परीक्षेतील विद्यार्थ्याला मी उत्तम गुण दिले, कारण जे शिकविले गेले ते त्याने चोख केले होते. पुढील वर्षांत या परिषदेतून बाहेर पडणाऱ्या अध्यापकांच्या विद्यार्थ्यांना कोणी परीक्षकाने तोच प्रश्न विचारला, तर त्यांनी गावाचे नाव, कापणीचा दिवस आणि कडेवरील ताटाचे काय केले, हे सांगावे, एवढीच माझी अपेक्षा आहे. ती पुरी करणे आपल्या हाती आहे.